अक्काची गाडी सकाळी चालू होत नाही

वीज या विषयावर आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. वडील पोफळीच्या वीजगृहात नोकरीला होते, आम्ही दोघं भावंडं अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलो, आणि अख्ख्या महाराष्ट्राचे दिवे आपल्या वडिलांच्या बोटांवर लागतात हे आम्हाला पाळण्यातच कळलेलं होतं. त्या हिशेबाने एका जुन्या गाडीचा स्टार्टर म्हणजे माझ्या हातचा मळ असायला हवा. पण मी शाळेत भूगोल शिकवतो. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली कसं येतं ते मी डोळे मिटून फळ्यावर काढीन. किल्ली फिरवल्यावर वीज बॅटरीतून निघून कुठल्या वाटेने कुठे जाते, हे मात्र मला पन्नाशी उलटल्यावर, शिरगावच्या एका अंगणात, पाठीला चिऱ्याची खडी टोचत असताना कळलं. आणि कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तरी चाललं असतं.

गाडी अक्काची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न करणार नाही म्हणाली, केलं नाही. प्रकल्पाच्या कचेरीत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रत्नागिरीला येऊन शिरगावात दोन खोल्यांचं घर घेतलं. लहानपणी वसाहतीच्या जिन्यावरून पडली तेव्हापासून तिचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. क्लच दाबायला गुडघा लागतो, म्हणून तिने मुंबईहून कुणाची तरी वापरलेली ऑटोमॅटिक गाडी आणवली. त्या काळात आमच्याकडे ऑटोमॅटिक म्हटलं की गाडी हाक मारल्यावर येते असं लोकांना वाटायचं. अक्का ते वाटू द्यायची.

पुढे तिची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस सुरू झालं. पहिली पाळी तिने मागून घेतली, म्हणजे निम्मा दिवस हाती राहतो. उजाडायच्या आत उठायचं, स्वतः गाडी चालवत जायचं, चार तास मशीनला बांधून घ्यायचं, मग गाडीत सीट मागे करून पडून राहायचं आणि डोकं ठिकाणावर आलं की स्वतः चालवत घरी यायचं. डॉक्टर रागावले, मी रागावलो. माझी बायको तिला म्हणाली, "वन्सं, हे जातील की सोडायला. नाहीतरी सकाळी पेपर वाचत बसतात."

अक्का आमच्याकडे जेवत होती. तिने बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला नीट आडवा ठेवला.

"ज्या दिवशी मला कुणी न्यायला-आणायला लागेल ना, त्या दिवशी हे सगळं बंद. आत्ताच सांगून ठेवते."

आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी नाही. भात वाढ म्हणावं तसं म्हणाली. डायलिसिस बंद म्हणजे काय, हे त्या पंगतीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी विषय बदलला. अवघड वेळी विषय बदलणं हा माझा एकमेव गुण, त्यावरच आमचा संसार टिकलाय.

गेल्या थंडीत एका सकाळी तिचा फोन आला. "गाडी गप्प आहे," एवढंच.

मी स्कूटर काढून गेलो. अक्का गाडीत बसलेली, मांडीवर पर्स, शाल डोक्यावरून. शेजारचे चाचा आधीच बॉनेट उघडून उभे होते. चाचांची उमेदीची सगळी वर्षं आखातात मोठ्या मोठ्या ऑटोमॅटिक गाड्या चालवण्यात गेली, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांचा निकाल शेवटचा.

"बॅटरी, भाऊ. डोळे झाकून बॅटरी. दुसरं काय नाय."

त्यांनी आपल्या गाडीतून तारा जोडून बघितल्या. किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे लागत होते आणि पुढे काहीच नाही. कुरकुर नाही, टक् नाही, नाराजीचा सुस्कारासुद्धा नाही. तेवढ्यात कामावर निघालेले वाडीतले चार जण जमले. कोकणात बंद गाडी दिसली की माणसाचे हात आपोआप पुढे होतात. "मारा धक्का," कुणीतरी म्हणालं. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही असं चाचा ओरडून सांगत होते, पण त्यांनी बॅटरीसुद्धा तेवढ्याच जोरात सांगितली होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. गाडी उताराने विहिरीपर्यंत गेली आणि थांबली. मग तीच गाडी चढावर परत ढकलायची होती. त्या कामाला माणसं जरा कमी झाली.

अक्का सगळा वेळ स्टिअरिंग धरून ताठ बसली होती. गाडी पुन्हा अंगणात आली तेव्हा म्हणाली, "वरात तर छान झाली. नवरा तेवढा राहिला."

मी म्हटलं, चल, माझ्या स्कूटरवर बस. ती नाही म्हणाली. रिक्षा बोलावतो म्हटलं, तीही नको. ऊन अंगणात आल्यावर तिने सहज किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात चालू. तिची वेळ गेली होती, पण दुपारच्या पाळीत एक मशीन मोकळं होतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

नवी बॅटरी बसवली. नंतर आभाळ भरून आलं, सकाळी उकडायला लागलं, आणि गाडी शहाण्यासारखी वागली. चाचा येता-जाता माझ्याकडे बघून मान हलवायचे. आभाळ मोकळं झालं, पुन्हा गारवा पडला, गाडी पुन्हा मुकी. त्या दिवशी दुपारी मशीन रिकामं नव्हतं. मी स्कूटर घेऊन तिच्या दारात उभा, आणि ती आत जाऊन खुर्चीत बसली.

"चल ना गो."

"गाडी चालू झाली की जाईन."

"आणि नाही झाली तर?"

तिने टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी बायको तिच्याकडे डबा घेऊन गेली आणि परत येऊन ओट्याशी उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, वन्सं रात्रभर बसून झोपल्या. आडवं झालं की दम लागतो. पाय असे झालेत, बोट दाबलं तर खड्डा राहतो." आणि मग, "ती गाडी नीट करा. काहीही करा, पण तेवढं करा."

एक पाळी चुकली की पुढच्या पाळीला दोन पाळ्यांचं साठलेलं पाणी काढावं लागतं. तिच्या अंगातलं पाणी काढता काढता तिचं रक्तदाबाचं तंत्र बिघडलं आणि ती मशीनवरच काळवंडली. ते मला नर्सने सांगितलं. अक्काने सांगितलं की आज एसी जरा जास्त होता.

कुवारबावला माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याच्याकडे गाडी नेली, म्हणजे अर्थात उन्हं वर आल्यावर, ती चालू झाल्यावर. त्याने वीस वेळा किल्ली फिरवली, वीसही वेळा गाडी चालू.

"सर, चालू गाडीत काय शोधू? बंद पडली की आणा."

"अरे, बंद पडल्यावर आणू कशी?"

त्याने खरोखर विचार केला. "हां, ता पण हाय," म्हणाला. मग आमचा मान राखायला त्याने एक रिले, म्हणजे स्टार्टरकडे वीज सोडणारी डबी, बदलून दिला. दुसऱ्या गार सकाळी नवा रिलेसुद्धा जुन्यासारखाच गप्प बसला.

तेव्हा मी ठरवलं की आता आपणच. मोबाईलवर बघितलं. परदेशातले लोक स्वच्छ हातांनी गाड्या उघडून दाखवत होते, भाषा निम्मी कळत होती. शिवाय अक्काच्या कपाटात वडिलांचा टेस्ट लॅम्प होता: एक छोटा बल्ब, होल्डर आणि दोन लांब तारा. वडील म्हणायचे, आधी दिवा लावून बघावं, मग डोकं लावावं. माझ्या बाबतीत त्यांना दुसऱ्या भागाची आशा नव्हती.

डायलिसिसच्या आदल्या संध्याकाळी मी अक्काकडेच मुक्कामाला गेलो आणि पहाटे अंगणात उतरलो. गारवा चांगला होता. चाचा कानटोपी घालून आले. अक्का शाल गुंडाळून पायरीवर बसली. चाकांना पुढून-मागून चिरे लावले. आधी हेडलाइट लावून किल्ली फिरवली. स्टार्टर वीज खायला लागला की दिवे मंद होतात. हे दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम होता, पण स्टार्टरपर्यंत हुकूमच पोचत नव्हता. मी हे मोठ्याने समजावून सांगितलं.

"वर्ग सुटला की सांग," अक्का म्हणाली. "सातच्या आत पोचायचंय."

मग मी गाडीखाली गेलो. स्टार्टरला एक जाड तार असते, ती जेवण देते. एक बारीक तार असते, ती 'ऊठ' म्हणून सांगते. बारीक तार काढून ती दिव्याला जोडली, म्हणजे मी खाली असताना गाडीला जाग येऊ नये. चाचा आत बसले.

"फिरवा."

आतून एक कव्वाली सुरू झाली.

"चाचा, किल्ली फिरवा," अक्का पायरीवरून म्हणाली. "रेडिओ नंतर ऐकू."

"किल्लीच फिरवतोय, बाई, हात लागला."

दिवा लागला नाही. पुन्हा, नाही. मग मी खालूनच ओरडलो, दांडा पार्किंगवरून काढून न्यूट्रलवर घ्या. चाचांनी घेतला, दिवा नाही. जरा हलवा म्हटलं. त्यांनी हलवला आणि माझ्या नाकासमोर तो पिवळा दिवा लागला, विझला, परत लागला. अलोऱ्याच्या सगळ्या खांबांवर एकदम उजेड पडावा तसं मला झालं.

ऑटोमॅटिक गाडीत किल्ली आणि स्टार्टर यांच्या मध्ये एक बारकासा स्विच असतो. दांडा पार्किंगवर किंवा न्यूट्रलवर आहे, म्हणजे गाडी जागची हलणार नाही, अशी खात्री पटली तरच तो वीज पुढे सोडतो. या गाडीत तो दांड्याच्या बुडाशीच, दोन सीटांमधल्या खोक्यात आहे. त्याची खात्री पटत नव्हती. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत बसलो.

"ते नको उघडूस," अक्का म्हणाली.

"का?"

"क्लिपा तुटतील. जुनं प्लास्टिक आहे."

तुटल्याच दोन. झाकण वर आलं आणि गाडीभर आमच्या घरचा वास पसरला. खोबरेल. दांड्याच्या भोवती, खालच्या पट्ट्यांवर, स्विचच्या आत, सगळीकडे पांढरं, थिजलेलं खोबरेल तेल. गार सकाळी ते लोण्यासारखं घट्ट होऊन स्विचच्या दोन पत्र्यांमध्ये बसत होतं, त्यांना एकमेकांना भेटू देत नव्हतं. ऊन चढलं, गाडी तापली, की ते वितळायचं आणि पत्रे भेटायचे. ढगाळ उकाड्यात ते थिजतच नव्हतं. बॅटरी, रिले, धक्का मारणारी माणसं, सगळे निर्दोष सुटले.

दुसऱ्या कुठल्या मुलखात हा बिघाड होईल असं मला वाटत नाही. पण आमच्या घरात बिजागरी कुरकुरली खोबरेल, कुलूप अडलं खोबरेल, शिवणयंत्र, कान, टाचा, सगळ्याला एकच बाटली.

चाचा बघतच राहिले. "बाई, डोक्याला लावायचं ते गाडीला लावलंत?"

"तिचंही वय झालंय," अक्का म्हणाली.

आम्ही तिघंही हसलो. मी फडक्यावर पेट्रोल घेऊन सगळं पुसून काढलं, तार जागेवर लावली, किल्ली फिरवली. त्या गारठ्यात गाडी एका झटक्यात चालू झाली. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं काहीसं पुटपुटत घरी गेले. माझी छाती फुगली होती. वडील असते तर, इथपर्यंत माझा विचार गेला होता.

मग मी पार्किंगवरून दांडा मागे-पुढे करून बघितला. अंगठ्याने बाजूचं बटण दाबायचं, दांडा सरकवायचा. तेल सगळं पुसलेलं, तरी तो मुलायम सरकत होता.

"कशाला ओतलंस गो एवढं? सैल तर आहे."

"घट्ट झाला होता."

"हा? हा घट्ट?"

मी उतरलो आणि ती माझ्या जागी, स्टिअरिंगमागे येऊन बसली. शालीतून डावा हात काढून तिने दांड्यावर ठेवला. त्याच हाताच्या शिरेतून तिचं रक्त मशीनला जातं. मनगटापासून कोपरापर्यंत ती शीर दोरासारखी फुगलेली. बोटं पांढरी पडलेली. तिने अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. म्हणजे दाबत असावी, कारण तिचे ओठ घट्ट मिटले होते. बटण हललं नाही. मग ती कमरेत वळली, उजवा हात आडवा आणला आणि तळहाताने बटण दाबलं.

"हे असं जमतं," म्हणाली.

मी हात धरून बघितला. पायरीचा दगड जसा गार होता तसाच तो होता.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. मला वाटलं दांडाच अडतोय. रोज थोडं तेल सोडायची. सोडलं की त्या दिवशी जरा हलकं वाटायचं." मग म्हणाली, "वाटायचं हं."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. बोटांकडे रक्त कमी जातंय म्हणाले. दुसऱ्या हाताला करू म्हणाले. मग हा उजवा राहिलाय तोपण देऊ?"

गाडी अंगणात छान एकसारख्या आवाजात चालू होती. मी इतके दिवस झटून तिच्याकडून गाडीचा बिघाड काढून घेतला होता, आणि आता दोष द्यायला तिच्याकडे तिचा हात तेवढा उरला होता. विषयसुद्धा बदलता आला नाही.

फटफटत चाललं होतं. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला. मी गाडीला वळसा घालून डावीकडच्या सीटवर जाऊन बसलो, चाकांचे चिरे काढायचे राहिले म्हणून परत उतरलो, काढले, परत बसलो. मग दांड्यावर हात ठेवला.

"ब्रेक दाब," म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. ब्रेक दाबला. मी बटण दाबून दांडा खाली आणला आणि अक्काने उजव्या हाताने स्टिअरिंग वळवत गाडी रस्त्यावर काढली.

याला न्यायला-आणायला म्हणत नाहीत. गाडी तीच चालवत होती. आम्ही यावर कधी बोललो नाही, पण दोघांनी असं समजायचं ठरवलं. आठवड्यातून तीन पहाटे मी स्कूटरने तिच्याकडे जायचो, डाव्या सीटवर बसायचो आणि हुकुमाप्रमाणे दांडा सरकवायचो. "पुढे." "रिव्हर्स. अरे, रिव्हर्स म्हटलं ना, भूगोलाचे मास्तर तुम्ही, मागे कुठे ते कळत नाही?" हॉस्पिटलच्या आवारातला वॉचमन बरेच दिवस समजत होता की मी तिच्याकडे गाडी शिकतोय. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, या वयात जरा कठीणच जातं."

बायकोने विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय तिथे?"

"दांडा सरकवतो."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि दोघांचा डबा भरायला लागली.

हे चूक आहे हे मला कळत होतं. एका हाताने गाडी चालवणारी आजारी बाई आणि शेजारी बसलेला तिचा दुसरा हात. रोज घरी पोचलो की सुटलो वाटायचं. पण डायलिसिस एकही चुकलं नव्हतं. तिच्या पायांची सूज उतरली होती.

शिमगा जवळ आला, थंडी सरली. एका सकाळी साळवी स्टॉपजवळ एक रिक्षा मध्येच आडवी आली. अक्काने स्टिअरिंग पूर्ण फिरवायला डावा हात लावला आणि तो हात त्यावरून नुसता घसरला. ब्रेक लागला म्हणून गाडी थांबली, रिक्षाच्या अगदी अंगाशी. त्यात शाळेचा गणवेश घातलेल्या दोन मुली होत्या. रिक्षावाला बाहेर डोकं काढून म्हणाला, "काकी, घरी बसायचं ना." वाईट बोलला असंही नाही. घाबरला होता.

हॉस्पिटलपर्यंत अक्का फार सावकाश गेली. येताना तर मागचे हॉर्न वाजवत होते.

पुढच्या खेपेला मी नेहमीप्रमाणे गेलो आणि डावीकडच्या दाराशी उभा राहिलो. मनात ती त्या दिवशी जेवताना काय म्हणाली होती तेच. ती बाहेर आली, दाराला कुलूप लावलं आणि चालत माझ्याकडे आली. पर्स कोपरावर अडकवलेली, किल्ली उजव्या हातात. किल्ली तिने माझ्यापुढे धरली.

"सरक," म्हणाली.

मी सरकलो. ती डाव्या सीटवर बसली, आधी तो न वाकणारा पाय सरळ आत घेतला, मग दुसरा. मी पलीकडून जाऊन बसलो. किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. आरशात मला मागचा रस्ता दिसत नव्हता, छताची कड दिसत होती; आरसा तिच्या उंचीचा होता. तो हलवावा की नाही ते कळेना, म्हणून मी तसाच बसून राहिलो.

"लाव तुझ्यापुरता," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली.